रिकामी हाक

त्या जानेवारीत बाबांचे सगळे दात एकाच दिवशी काढले, आणि म्हणून मीठ घेऊन पठारावर मी एकटी गेले.

दात काढायचा हट्ट आईचा. शहरातला दातांचा डॉक्टर वर्षातून एकदा आमच्या बुरांग्याच्या हॉलमध्ये येऊन बसायचा. बाबांचे पाच-सहा दात किडलेले, बाकीचे हलणारे. आई म्हणाली, "रोज थोडंथोडं कण्हण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे." बाबा गेले आणि तोंडाला टॉवेल लावून परत आले. पुढं आठवडाभर ते दुधात पाव कुस्करून खात होते आणि पक्कड तिनंच धरली होती अशा नजरेनं आईकडे बघत होते.

बुरांग्यात तेव्हा आमची सात घरं, एक हॉल आणि मिसेस टुईच्या ओसरीवरचं टपाल. सगळ्यांची पोटं गाईंवर. आमच्या दक्षिण गोलार्धात डिसेंबरात ऊन तापलं की गाई पठारावर चढवायच्या आणि एप्रिलात बर्फ पडायच्या आत उतरवायच्या. वर कुंपण नाही. मैलोन्‌मैल गवत, ठेंगण्या वाकड्या निलगिरीची रानं आणि मध्ये दऱ्या. तेवढ्यात साठ-सत्तर गाई हुडकायच्या म्हणजे जन्म जाईल. म्हणून मीठ. वरच्या गवतात मीठ नसतं आणि गाय त्यासाठी वेडी होते. दर तीन-चार आठवड्यांनी घोड्यावरून जाडं मीठ वर न्यायचं, ठरलेल्या ओंडक्यांवर मुठीमुठीनं ठेवायचं आणि हाक घालायची, "मीऽऽठ! या गं, मीऽऽठ!" प्रत्येकाची हाक वेगळी आणि ज्याची हाक त्याच्या गाई. बाबांची हाक शेवटाला जराशी चढायची. हेक्टर मॅडर्ननं हाक घातली की दीड मैलावरनं गाई शेपट्या वर करून पळत येतात, असं खाली शहरातसुद्धा बोलायचे. बाबांना याचा गर्व होता. दुसरं काही गर्व करण्याजोगं त्यांच्याकडे नव्हतंही.

या हाकेचा एकच नियम. हाक घातली की हातात मीठ पाहिजे. मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकत आले होते, "गुराला काठी मारली तर ते संध्याकाळी विसरतं. रिकामी हाक घातली तर विसरत नाही." आजोबांच्या वेळी कुणा एकानं गंमत म्हणून रिकामी हाक घातली होती म्हणे. पुढं त्याला प्रत्येक गाय कुत्री लावून धरावी लागायची. बाबा म्हणायचे, "मेला तेव्हा तो गाईंचा मालक राहिला नव्हता, कुत्र्यांचा झाला होता."

बुधवारी सकाळी मी निघाले. माझ्या घोड्यामागं दोन ओझ्याचे घोडे, डचेस आणि पिपिन, दोघांवर मिळून मिठाच्या चार गोण्या. बाबा गालात कापूस धरून अंगणात उभे होते.

"वरच्या उतारानं नदी ओलांड," ते बोबडं बोलले. "आणि पाण्यात शिरायच्या आधी घोडे एकमेकांपासून सोडव."

"माहीत आहे हो."

"माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. मावशीचा खूर बघून ये. लंगडत होती."

मावशी म्हणजे कळपातली म्होरकी गाय. डावं शिंग मोडलेलं, वय झालेलं. ती जिकडे जाईल तिकडे बाकीच्या जायच्या.

माझं निम्मं लक्ष शनिवारकडे होतं. शनिवारी हॉलमध्ये नाच होता. आईनं निळा झगा शिवून ठेवला होता आणि आमच्या शेजारच्या क्लॅरी बोडनच्या थोरल्यानं, व्हर्ननं, टपाल घेताना मिसेस टुईच्या देखत विचारलं होतं, "पहिला नाच माझ्याशी का?" मी चोवीस वर्षांची होते आणि असं मला दोनदा काही कुणी विचारलं नव्हतं. वरच्या उतारानं गेलं तर अर्धा दिवस जास्त लागतो. मी खालच्या उतारानं गेले.

डोंगरात कुठंतरी वादळी पाऊस झाला असावा. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं. मी घोडे सोडवले नाहीत. पिपिन डचेसच्या खोगिराला बांधलेलाच होता. मधोमध डचेसचा पाय गोट्यांवरून सटकला, ती आडवी झाली आणि तिनं पिपिनला ओढलं. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून सुरीनं दोर कापत होते, घोडे ओरडत होते, आणि मला आठवतं, तेव्हासुद्धा मी मनात दिवस मोजत होते. घोडे वाचले. दोघंही थरथरत काठावर उभे राहिले. गोण्या मात्र पिळायला काढलेल्या कपड्यासारख्या लोंबत होत्या. आत हात घातला तर तळाशी मूठभर चिखल.

परत जायचं, बाबांना सांगायचं, पुन्हा मीठ भरायचं, पुन्हा वर चढायचं. म्हणजे शनिवार गेला. आणि बाबांचा तो सुजलेला चेहरा. मी काठावर बसून बूट ओतले आणि ठरवलं, एका खेपेनं काही गाई मरत नाहीत. गाई मोजून यायचं, मावशीचा खूर बघून यायचं. पुढच्या खेपेला दुप्पट मीठ.

पण मोजायच्या तर बोलवायला पाहिजेत, आणि बोलवायच्या तर एकच उपाय होता.

पहिल्या जागेवर मी हाक घातली. बाबांचीच हाक, मीही ती लहानपणापासून तशीच घालत होते. रानातनं फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि मावशी पुढं, बाकीच्या मागं, अशा गाई आल्या. ओंडके हुंगले, ओंडके कोरडे. मग त्या माझ्याभोवती जमल्या. ओल्या गोण्यांना अजून मिठाचा वास होता. त्यांनी गोण्या चाटल्या, चावल्या, दोन गोण्यांना भोकं पाडली. मावशीनं माझा तळहात चाटून काढला. मी तिचा खूर बघितला. खूर बरा झाला होता.

दुसऱ्या जागेवर गोण्यांचासुद्धा वास राहिला नव्हता. मुख्य जागेवर माझा आकडा जमेना. एकदा अठ्ठावन्न भरल्या, एकदा एकसष्ट. बाबा आकडा विचारणार, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच पुन्हा हाक घातली, दुपारी पुन्हा. दुपारी त्या आल्या, पण रानाच्या कडेपर्यंतच. तिथंच उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मला आकडा मिळाला, त्रेसष्ट. मी घोडा वळवला तेव्हा पाठीमागे एकही गाय हंबरली नाही.

शुक्रवारी घरी आले. बाबांनी पहिल्यांदा गोण्या हातात घेतल्या.

"अगं, गोण्यासुद्धा खाल्ल्या की!" ते हसले. बोळकं तोंड, वर सुजलेलं. "किती भुकेल्या होत्या बघ. आकडा?"

"त्रेसष्ट."

"मावशी?"

"खूर बरा आहे."

"शाब्बास माझी पोर."

आई म्हणाली, "आता तिला आंघोळ करू द्या, उद्या नाच आहे." मी आंघोळ केली. शनिवारी निळा झगा घातला आणि व्हर्न बोडनबरोबर एक नाही, चार नाच नाचले. मजा आली. खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीतही बाबांच्या हिरड्या भरल्या नव्हत्या, म्हणून मीच गेले. या वेळी वरच्या उतारानं गेले, घोडे सोडवले, मीठ कोरडं ठणठणीत नेलं. मुख्य जागेवर ओंडक्यांवर मुठी मांडल्या आणि हाक घातली. कुणी आलं नाही. पुन्हा घातली. लांब रानाच्या कडेला मावशीचं मोडकं शिंग दिसलं, मग तेही दिसेनासं झालं. मी तासभर हाका घातल्या, घसा बसला. मीठ ओंडक्यांवर ठेवून मी खाली आले. बाबांनी विचारलं, "आल्या का?"

"आल्या."

हे दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं. रात्र-रात्र जागले वगैरे म्हणणार नाही, झोप लागायची. पण जेवताना बाबा समोर बसून पाव चोखायला लागले की मी ताट घेऊन उठायचे.

मार्चात बाबांची कवळी आली. ती बसेना. बोलताना खटखट वाजायची, शब्दांत शिट्टी मिसळायची. आई म्हणायची, "किती रुबाबदार दिसतंय!" बाबा म्हणायचे, "रुबाब घालून काय करू, चुलीत? चावता येत नाही." कवळी ते खिशात ठेवायचे आणि चारचौघांत घालायचे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रेडिओवर सांगितलं, गुरुवारी बर्फ. नेहमीपेक्षा वीस दिवस आधी. बोडनांची चराई, म्हणजे गुरं चारायची ठरलेली जमीन, आमच्या चराईला लागून, त्यामुळं गाई उतरवायला दोन्ही घरं नेहमी बरोबर जायची. आम्ही मंगळवारी चढलो. बाबा, मी, क्लॅरीकाका आणि व्हर्न. मुक्कामाच्या खोपीत चुलीवर डब्यातला चहा उकळला. क्लॅरीकाका बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, उंच, कमी बोलणारा माणूस. बायको गेल्यापासून तर फारच कमी. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "जानेवारीत खालच्या उताराला पाणी बरंच होतं, नाही?"

"मी वरच्यानं गेले होते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आपला चहा ओतून घेतला.

बुधवारी सकाळी मुख्य जागेवर गेलो. आभाळ शिशासारखं झालेलं, वारा बोचरा. बाबा घोड्यावरून उतरले. दोन्ही हातांच्या ओंजळीत मीठ घेतलं. कवळी घातलेली होतीच, व्हर्न बरोबर होता ना. त्यांनी छाती भरून हाक घातली.

"मीऽऽठ! या गं, मीऽऽठ!"

हाकेत शिट्टी होती. शेवटाला आवाज चढला आणि कवळी खटकन वाजली. रान गप्प. बाबांनी पुन्हा हाक घातली. तीनदा, चारदा घातली. मग ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, कवळी काढून खिशात टाकली आणि बोळक्या तोंडानं ओरडले. मघाचं बरं म्हणायचं, असा आवाज निघाला. शब्द कसला, नुसती फसफस. व्हर्न हसला. मोठ्यानं नाही, नाकातनं. पण हसला. त्या हसण्यासाठी मी चार गोण्या मीठ नदीला वाहिलं होतं.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

"थांब काय थांब! ओळखत नाहीत त्या मला." बाबांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली होती आणि हात मिठानं भरलेले, म्हणून त्यांना ती पुसता येत नव्हती. "आवाजच गेला माझा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम. पण व्हर्न तिथं होता, क्लॅरीकाका होते, आणि मी घोड्याचा पट्टा आवळत राहिले. तो आधीच आवळलेला होता.

क्लॅरीकाका म्हणाले, "हेक्टर, वारा उलटा आहे. मी जरा टेकडीच्या पलीकडं जाऊन माझ्या बघतो." बाबांच्या डोळ्यांदेखत हाक घालायची नाही, म्हणून ते मुद्दाम लांब गेले, हे मला कळलं. पण पठारावर आवाज कुठं अडतो? थोड्या वेळानं त्यांची हाक आली, साधी, सपाट. आणि आमच्या समोरच्या रानातनं गाई निघाल्या. बोडनांच्या नव्हेत. आमच्या, मावशी सगळ्यांत पुढं. बाबा ओंजळ पुढं करून उभे होते. मावशी त्यांच्यापासून दहा पावलांवरून वळसा घालून गेली आणि टेकडीपलीकडं पळाली. तिच्यामागं सगळ्या.

बाबांनी मीठ ओंडक्यावर ठेवलं, नीट, सांडू न देता, आणि हात पँटला पुसले.

चोपन्न मिळाल्या. नऊ पलीकडच्या दरीत होत्या. बाबा म्हणाले, मी जाऊन हाक घालतो. क्लॅरीकाका म्हणाले, नको, बर्फ आलं. तोवर आलंच होतं, पिठासारखं बारीक, आडवं. बाबा तरी गेले आणि मी त्यांच्या मागं गेले. दरीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी कवळी घालून हाक घातली, काढून घातली. मीही घातली. खाली कुठंतरी एक गाय हंबरली, लांब जात जात. कुत्री दरीत शिरेनात. घोडे गुडघ्याएवढ्या बर्फात फसायला लागले, तेव्हा आम्ही परत फिरलो. त्या नऊंतल्या दोघींची हाडं पुढच्या उन्हाळ्यात सापडली. बाकीच्यांची तेवढीही नाही.

घरी आल्यावर बाबांनी आईला एकच वाक्य ऐकवलं. "तुझ्या हट्टापायी गेला माझा आवाज." आई चुलीपाशी उभी होती, तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "मला वाटलं, दुखायचं थांबेल." त्यानंतर ती बाबांच्या ताटात सगळं बारीक करून वाढायला लागली आणि वाढताना त्यांच्याकडं बघेनाशी झाली. एवढ्या वर्षांत आईला मी असं चोरासारखं वावरताना कधी बघितलं नव्हतं. चोर मी होते.

बाबा रोज दुपारी मागच्या आवारात जायचे. तिथं दोन दुभत्या गाई असायच्या. बाबा हाक घालायचे, कधी जीभ अशी लावून, कधी तशी. दोघी यायच्या. आई म्हणायची, "बघा, आल्या की." बाबा म्हणायचे, "या दोघी काय, भटकं कुत्रं भुंकलं तरी येतात." पठारावर सगळे ज्याला हाकेवरून ओळखत होते तो माणूस आता दोन म्हाताऱ्या गाईंसमोर तालीम करत होता, आणि मी धुणं वाळत घालताना ते ऐकत होते.

तीनदा मी सांगायला गेले. एकदा लाकडं फोडताना. त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता हेही तूच कर. एकदा कुंपणाची तार ओढताना. तार तुटून त्यांच्या मनगटाला लागली आणि रक्त पुसण्यात ते राहून गेलं. तिसऱ्यांदा कुणीच आड आलं नव्हतं. माझीच जीभ उचलली नाही.

मे महिन्यात एका रविवारी बाबा जेवताना म्हणाले, "क्लॅरी येतोय दुपारी. वरची चराई त्याच्या नावावर करून देतोय. कागद आणतोय तो."

आईचा चमचा थांबला. "आपल्या आजोबांपासूनची चराई?"

"गाई त्याच्या आवाजाला येतात. मग चराई कुणाची? ज्याच्या हाकेला गाई येतात त्याची. खाली दहा-बारा ठेवू, कुंपणात. कुंपणातल्या गाईला हाक लागत नाही."

क्लॅरीकाका दोन वाजता आले. टोपी दाराशी टांगली, कागद टेबलावर ठेवला, वर साखरेचं भांडं ठेवलं, उडू नये म्हणून. आईनं चहा केला, केक कापला. बाबांनी कवळी घातली, चष्मा घातला आणि दौतीचं झाकण उघडलं. ते एवढे गप्प आणि एवढे नीटनेटके दिसत होते की मला सहन होईना.

"बाबा, सही करू नका," मी म्हणाले. "तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही. मीच केलं सगळं."

मग मी सांगितलं. उभ्यानंच, टेबलाची कड धरून. खालचा उतार, न सोडवलेले घोडे, विरघळलेलं मीठ, तीन रिकाम्या हाका, मोजणीसाठी घातलेल्या आणखी दोन. फेब्रुवारीत गाई आल्या नाहीत, तेही. नाचाचंही सांगितलं. आई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. क्लॅरीकाका कपात बघत होते.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलंस, क्लॅरी?" ते म्हणाले. "बापाची लाज झाकायला पोरगी काय काय अंगावर घेते बघ."

"बाबा, खरं आहे ते!"

"अगं, गोण्या मी हातात घेऊन बघितल्यात. चाटून फाटलेल्या. मीठ नसतं तर गाय गोणी खाते का? आणि तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला हाकेचा नियम शिकवलाय. तू रिकामी हाक घालशील? तू?"

"घातली. पाच वेळा घातली."

"आणि एप्रिलात माझे ते हाल होताना गप्प उभी राहिलीस? नऊ गाई बर्फात गेल्या तरी गप्प? तुझी आई महिनाभर चोरासारखी फिरते घरात, तरी गप्प?" बाबांनी मान हलवली. "असली माणसं असतात. माझ्या घरात नाहीत."

आई म्हणाली, "हेक्टर, पोरीचं जरा ऐकून तरी..." बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. महिन्याभरात पहिल्यांदाच. "तुझी चूक नाही, एडा. वय झालं, बस. पोरीला एवढं वाटतंय, आणखी काय पाहिजे?"

"क्लॅरीकाका," मी म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही जानेवारीत वर होतात. आमचे ओंडके तुम्ही बघितले असतील."

क्लॅरीकाकांनी कप बशीत ठेवला. बाबा हसऱ्या चेहऱ्यानं त्यांच्याकडं बघत होते.

"पोरीचा तुझ्यावर जीव आहे, हेक्टर," ते म्हणाले.

बाबांनी सही केली.

मी क्लॅरीकाकांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. ते घोड्याचा लगाम सोडवत होते, माझ्याकडं न बघता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"ओंडके कोरडे होते. गाई खूर आपटत फिरत होत्या. मी माझ्यातलं दोन गोण्या मीठ टाकलं तुमच्या जागांवर, हाक घालून. पुढं दोनदा टाकलं. शेजारधर्म." ते घोड्यावर चढले. "तुला लाज वाटेल म्हणून बोललो नाही."

"मग आत का बोलला नाहीत? आत्ता?"

त्यांनी कोटाच्या खिशातला कागद चाचपला. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि तो माणूस वाईट नव्हता, हे मी अजूनही म्हणते.

"तू का नाही बोललीस, चार महिने?" ते म्हणाले. "तुझं जे कारण, तसंच काहीतरी माझंही." आणि त्यांनी घोडा हाकला.

मी परत आले तेव्हा बाबा लाकडांच्या ढिगापाशी कोट काढून उभे होते. कित्येक दिवसांनी त्यांचे खांदे सैल दिसत होते. मला वाटलं, आता एकटे आहेत, पुन्हा सांगावं, शपथ घ्यावी, नदीकाठची ती कापलेली दोरी आणून दाखवावी. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता, आणि मायेचा.

"नेट्टा, आज तू जे केलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही," ते म्हणाले. "वर माझा आवाज गेला त्या दिवशी मला वाटलं होतं, आता कुणाला आपलं काही नाही. पण पुन्हा असं खोटं बोलू नकोस, बाळ. तुला जमत नाही ते."

आई आतून चुलीसाठी लाकडं मागत होती. मी कवेत लाकडं उचलली आणि आत गेले.